स्नूकरचे गाजलेले सामने शिकण्यासाठी कसे पाहावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही तेवीस वर्षांचे आहात, सोलापुरातल्या एका क्लबमध्ये तीन वर्षे स्नूकर खेळता आहात, सरावात चाळीस-पन्नासचे ब्रेक (एकाच खेपेत सलग मिळवलेले गुण) होतात, परंतु बेस्ट ऑफ फाइव्हच्या, म्हणजे पाचपैकी तीन फ्रेम (डाव) जिंकायच्या स्पर्धेत पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतच हार पत्करावी लागते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जागतिक स्पर्धेचे व्हिडिओ तुम्ही रोज रात्री पाहता आणि शिकण्याच्या दृष्टीने त्यातले नेमके कोणते सामने पाहावेत, असे विचारता.

गेली बावीस वर्षे मी सोलापुरात हा खेळ शिकवतो आहे, त्यामुळे असा प्रश्न मला नवा नाही. तुम्ही आवडते म्हणून जे तीन व्हिडिओ सांगितले आहेत, त्यात तुमच्या अडचणीचे मूळ मला दिसते. पहिला रॉनी ओ'सलिव्हनने १९९७ मध्ये पाच मिनिटे आठ सेकंदांत पूर्ण केलेला १४७ चा, म्हणजे सर्वसाधारणपणे शक्य असलेल्या कमाल गुणांचा ब्रेक, दुसरा लांब पल्ल्याच्या पॉटचे (चेंडू खिशात घालण्याच्या फटक्यांचे) संकलन आणि तिसरा १९८५ च्या अंतिम सामन्यातला शेवटचा ब्लॅक (काळा चेंडू). या तिन्हींत पॉट समोर उपलब्ध आहे. पॉट उपलब्ध नसताना काय करायचे, हे त्यांतल्या एकातही दिसत नाही, आणि तुमच्या स्पर्धेतला बहुतेक वेळ तर तशाच परिस्थितीत जातो. म्हणून सामने कोणते पाहावेत यापेक्षा सामन्यातला कोणता भाग पाहावा, हा तुमचा खरा प्रश्न आहे, असे मी समजतो आणि त्याच अंगाने उत्तर देतो.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य केले पाहिजे. शेफील्डच्या टेबलावरचे कापड पातळ आणि वेगवान असते, आणि स्लेट कोरडी राहावी म्हणून तिच्याखाली उष्णता देणारी यंत्रणा बसवलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच इतकी कोरडी असते की टेबल आपोआप वेगाने चालते. मात्र पावसाळ्यात त्याच टेबलावर पांढरा चेंडू (ज्याने बाकीचे चेंडू मारायचे तो) हातभर अलीकडे थांबतो. तुमच्या क्लबमध्ये कापडावर रोज ब्रश फिरतो का, तो बॉल्ककडून (टेबलाच्या ज्या टोकाहून खेळ सुरू होतो तिकडून) ब्लॅकच्या दिशेनेच फिरतो का, इस्त्री किती दिवसांनी होते, कापड किती जुने आहे, हे मला माहीत असते तर मी अधिक नेमके बोलू शकलो असतो. शिवाय तुमच्या हातात दिवसाला एक तास आहे की चार, यावरही बरेच ठरते. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने पूर्ण सामने पाहण्याचा हट्ट धरू नये. त्याला एक सत्र पुरेसे आहे.

आता शेफील्डच्या रचनेकडे येऊ, कारण ती समजल्याशिवाय तिथले सामने समजत नाहीत. जागतिक स्पर्धा १९२७ पासून होते, आणि १९७७ पासून ती शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात भरते. बत्तीस खेळाडू, सतरा दिवस. पहिली फेरी दहा फ्रेम जिंकणाऱ्याची, दुसरी फेरी आणि उपांत्यपूर्व फेरी तेरा फ्रेमची, उपांत्य सतरा फ्रेमची, अंतिम अठरा फ्रेमची. उपांत्य सामना चार सत्रांत आणि तीन दिवसांत खेळला जातो. तुम्ही तीन फ्रेम जिंकण्यासाठी खेळता आणि ते सतरा फ्रेम जिंकण्यासाठी खेळतात, या फरकामुळे काही जण म्हणतात की त्यांच्यापासून आपण काय शिकणार. माझे मत नेमके उलटे आहे. दीर्घ सामन्यात नशिबाचा वाटा हळूहळू धुऊन जातो आणि खेळाडूच्या निर्णयांचा दर्जा उघडा पडतो. त्यामुळे चांगला निर्णय ओळखायला शिकण्यासाठी तिथले सामने हेच उत्तम साधन आहे.

१९८५ चा अंतिम सामना घेऊ, कारण त्याचा शेवट तुम्ही अनेकदा पाहिलेला आहे. स्टीव्ह डेव्हिस त्याआधीच्या सलग दोन वर्षांचा विजेता होता आणि डेनिस टेलर त्याच्यासमोर ८-० असा मागे पडला होता. नवव्या फ्रेममध्ये डेव्हिसने एक अवघड ग्रीन पॉट करण्याचा प्रयत्न केला. तो गेला असता तर गुणफलक बहुधा ९-० झाला असता. तो चुकला, टेलरने फ्रेम घेतली आणि पहिल्या दिवसाअखेर ९-७ अशी स्थिती झाली. पुढे टेलर १५-१७ वरून १७-१७ पर्यंत आला. निर्णायक फ्रेम अडुसष्ट मिनिटे चालली. डेव्हिस ६२-४४ ने पुढे असताना टेबलावर ब्राउन, ब्लू, पिंक आणि ब्लॅक असे चारच चेंडू उरले होते, म्हणजे एकूण बावीस गुण. टेलरला चारही हवे होते. त्याने लांबून ब्राउन घेतला, मग ब्लू, मग पिंक, आणि ५९-६२ अशा स्थितीत एका ब्लॅकवर विश्वविजेतेपद येऊन थांबले. ब्लॅकवर दोघांनीही संधी घालवल्या. अखेर डेव्हिसकडून एक बारीक कट (चेंडूला कडेने निसटता स्पर्श करणारा फटका) चुकला आणि टेलरने ब्लॅक पॉट केला. संपूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदाच पुढे गेला, तो त्या एका फटक्याने. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती, तरी एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक दूरचित्रवाणीसमोर बसून होते.

तुम्ही पाहता तो व्हिडिओ त्या शेवटच्या ब्लॅकभोवतीच फिरतो. तुम्हाला माझी विनंती आहे की निर्णायक फ्रेम सुरुवातीपासून, अडुसष्टच्या अडुसष्ट मिनिटे पाहावी. ती पाहताना प्रथम कंटाळा येईल. दोघेही दमलेले आहेत, खेळ सुंदर नाही, ब्रेक मोठे नाहीत. परंतु त्या तासाभरात प्रत्येक जण पांढरा चेंडू बॉल्क कुशनजवळ (टेबलाच्या त्या टोकाच्या कडेजवळ) परत नेण्यासाठी किती धडपडतो आहे, हे पाहण्यासारखे आहे. आणि मग नवव्या फ्रेममधल्या त्या ग्रीनकडे परत जावे. आठ फ्रेमची आघाडी असताना जोखीम घेण्याची गरज होती का, हा प्रश्न मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारतो, आणि उत्तरे दरवेळी दोन गटांत विभागली जातात. माझे स्वतःचे मत असे की गरज नव्हती. हे मी फार ठामपणे म्हणतो, कारण १९९९ साली पुण्यातल्या एका स्पर्धेत २-० ने पुढे असताना मी असाच एक बारीक कट खेळलो, पांढरा चेंडू मोकळ्यावर सुटला आणि मी तो सामना २-३ ने गमावला. परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत मी त्या एकाच फटक्याचा विचार करत होतो. त्या दिवसापासून मी स्वतःला प्रत्येक अवघड पॉटआधी एकच प्रश्न विचारत आलो आहे : हा चुकला तर पांढरा कुठे थांबेल?

हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याच्या अंगी पूर्णपणे भिनलेली दिसते, असा खेळाडू म्हणजे मार्क सेल्बी. तुमच्या वयाच्या मुलांना तो संथ वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही २०२० चा ओ'सलिव्हन विरुद्ध सेल्बी हा उपांत्य सामना तुम्ही अवश्य पाहावा. सेल्बी १६-१४ ने पुढे होता, ओ'सलिव्हनने शेवटच्या तिन्ही फ्रेम घेऊन १७-१६ असा विजय मिळवला आणि मग अंतिम सामन्यात कायरन विल्सनला १८-८ असे हरवून सहावे विजेतेपद पटकावले. त्या सामन्यात स्नूकरमधून, म्हणजे हवा तो चेंडू दुसऱ्या चेंडूमागे दडलेला असताना, सुटताना ओ'सलिव्हनने काही वेळा चेंडू नुसता जोराने मारून दिला, आणि त्याबद्दल सेल्बीने नंतर जाहीर नाराजी व्यक्त केली. मी स्वतः या बाबतीत सेल्बीच्या बाजूचा आहे. सुटकेचा फटका हा मोजून-मापून खेळायचा फटका आहे, आणि ओ'सलिव्हनसारख्या विलक्षण प्रतिभेच्या खेळाडूला जे पचते, ते विद्यार्थ्याने उचलू नये. मात्र मागे असताना आलेल्या पहिल्या खऱ्या संधीवर त्याने फ्रेम कशी संपवली, ते जरूर उचलावे. त्याने आधी वाट पाहिली आणि संधी आल्यावर मात्र तिचे पूर्ण सोने केले.

वाट पाहणे या एका गोष्टीसाठी तुम्हाला २०२३ चा उपांत्य सामना सुचवतो. लुका ब्रेसेल हा बेल्जियमचा खेळाडू त्या वर्षापूर्वी क्रूसिबलवर एकही सामना जिंकलेला नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत तो ओ'सलिव्हनसमोर ६-१० ने मागे होता आणि सलग सात फ्रेम घेऊन १३-१० ने जिंकला. मग उपांत्य फेरीत वीस वर्षांच्या सी च्याहुइने त्याला १४-५ असे मागे टाकले. तिसरे सत्र संपेपर्यंत ब्रेसेलने १०-१४ पर्यंत मजल मारली, दुसऱ्या दिवशी सलग अकरा फ्रेमची मालिका पूर्ण करून तो १६-१४ ने पुढे गेला आणि १७-१५ असा जिंकला. नऊ फ्रेमची पिछाडी भरून काढण्याची ही क्रूसिबलवरची पहिलीच वेळ होती. अंतिम सामन्यात त्याने सेल्बीला १८-१५ असे हरवले. त्याच सामन्यात सेल्बीने १४७ केला, जो क्रूसिबलच्या अंतिम सामन्यातला पहिला होता, आणि तरीही तो हरला.

ते दिवस मला नीट आठवतात, कारण एप्रिलअखेरच्या सोलापूरच्या उकाड्यात मी आणि माझे चार विद्यार्थी गच्चीवर बसून हा सामना पाहत होतो. शेफील्डचे संध्याकाळचे सत्र आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होते. १४-५ झाल्यावर दोघे जण घरी निघून गेले. जे दोघे थांबले त्यांना मी ब्रेसेलकडे पाहण्याऐवजी खुर्चीत बसलेल्या सीकडे पाहायला सांगितले. स्नूकरमध्ये प्रतिस्पर्धी टेबलावर असताना तुम्हाला काहीही करता येत नाही. फक्त बसावे लागते, आणि त्या बसण्याचा परिणाम पुढच्या फटक्यावर होतो. एक-एक फ्रेम निसटत गेली तसा त्या तरुणाचा वेळ घेण्याचा प्रकार बदलत गेला, असे आम्हाला दिसले. तुमच्याही सामन्यांत हे घडत असणार. पुढच्या स्पर्धेत मित्राला सांगून स्वतःचे खुर्चीतले चित्रण करून घ्या. पॉटचे चित्रण आपण सगळेच करतो, खुर्चीतले कोणी करत नाही.

१९९४ च्या अंतिम सामन्याबद्दलही तुम्ही ऐकले असेल. जिमी व्हाइटचा त्या दिवशी बत्तिसावा वाढदिवस होता, निर्णायक फ्रेममध्ये तो ३७-२४ ने पुढे होता आणि त्याच्याकडून स्पॉटवरचा (ठरलेल्या जागेवरचा) ब्लॅक चुकला. स्टीफन हेन्ड्रीने ५८ चा ब्रेक करून १८-१७ असा सामना जिंकला. व्हाइट सहा अंतिम सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. हा सामना हृदय पिळवटणारा आहे, तो पाहावा, पण त्यातून फार तंत्र शिकायला जाऊ नये. निर्णय योग्य होता, फटका चुकला, एवढेच. हेन्ड्रीच्या ५८ कडे मात्र लक्ष द्या : प्रत्येक पॉट सोपा दिसतो, कारण आधीच्या फटक्यात पांढरा चेंडू योग्य जागी आलेला आहे.

इथे एका वेगळ्या गोष्टीकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘आपल्याकडून तिथपर्यंत कोणी जाते का’ असाही एक उल्लेख होता. २०१३ मध्ये दिल्लीला झालेल्या इंडियन ओपन या व्यावसायिक स्पर्धेत मुंबईचा आदित्य मेहता अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. तिथे चीनच्या डिंग जुनहुइने त्याला ५-० असे हरवले. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणीही त्या काळात व्यावसायिक स्नूकर खेळत होता. २०१५ च्या मार्चमध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली, तेव्हा मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन दोन दिवस सामने पाहिले. मायकेल व्हाइट त्या वेळी विजेता ठरला. मला तिथे जे सर्वांत जास्त शिकायला मिळाले, ते कॅमेऱ्यात कधीच दिसत नाही : खेळाडू टेबलाभोवती किती चालतात. साधा रेड असला तरी ते पलीकडे जाऊन पुढचा कलर (रेडनंतर मारायचा रंगीत चेंडू) कोणत्या कोनातून मिळेल हे पाहतात आणि मग परत येऊन खाली वाकतात. वाकल्यानंतर निर्णय बदलायचा असेल तर उभे राहतात. आपल्या क्लबमध्ये मुले वाकल्या-वाकल्या निर्णय बदलतात आणि तसेच मारतात.

आता पद्धत सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सामना आवाज बंद करून पाहायला लावतो, कारण समालोचक उत्तर आधीच सांगून टाकतो. शेजारी वही असते. पॉट स्पष्ट दिसत असेल तिथे काहीच लिहायचे नाही, ब्रेक चालू द्यायचा. ज्या क्षणी खेळाडूसमोर सोपा पॉट नाही, त्या क्षणी चित्र थांबवायचे, आपण काय खेळलो असतो ते एका ओळीत लिहायचे, मग चित्र पुढे चालवून त्याने काय खेळले आणि पांढरा चेंडू कुठे थांबला ते लिहायचे. एका सत्रात असे वीस-पंचवीस प्रसंग मिळतात. सुरुवातीला तुमचे आणि त्यांचे उत्तर क्वचितच जुळेल. माझा अनुभव असा की दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक वेळा जुळू लागते, आणि जुळू लागले की त्या विद्यार्थ्याचे स्पर्धेतले निकालही बदलू लागतात. ब्रेकची लांबी वाढलेली नसतानाही.

वहीसोबत टेबलावरचा एकच सराव करा. ब्लॅकच्या बाजूला रेडचा पुंजका ठेवा, पांढरा बॉल्कमध्ये ठेवा, रेडला पातळ स्पर्श करून पांढरा परत बॉल्क कुशनपाशी आणा. वीस वेळा. कुशनपासून वीतभर अंतराच्या आत किती वेळा थांबला, ते मोजा. वीसपैकी बारा होईपर्यंत पन्नासच्या ब्रेकचा सराव अर्ध्यावर आणला तरी चालेल, असे मी सुचवेन. हा आकडा माझ्या क्लबमधल्या टेबलांवरचा आहे; तुमचे कापड जुने असेल तर दहावर समाधान माना.

एक अडथळा तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण तो आपल्याकडच्या क्लबच्या रीतीतून येतो. आपल्याकडे हरणाऱ्याने टेबलाचे भाडे भरायचे, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. त्यामुळे फ्रेम लांबली की दोघांनाही घड्याळ दिसू लागते, सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला सोपा पॉट मिळू नये असा फटका) खेळणाऱ्याला बाकीचे टोकतात, आणि ‘मार ना, काय घाबरतोस’ हे वाक्य कानावर येते. तीन वर्षे असे ऐकल्यावर हाताला मारण्याचीच सवय लागते. २०२२ मध्ये क्रूसिबलवर सेल्बी आणि यान बिंगताओ यांच्यातली एक फ्रेम पंच्याऐंशी मिनिटे चालली, तोपर्यंतची तिथली सर्वांत लांब. यानने ती फ्रेम घेतली आणि सामना १३-१० ने जिंकला. आपल्या क्लबमध्ये ती फ्रेम खेळूच दिली गेली नसती. म्हणून तुमच्याच तोडीचा एक जोडीदार शोधा, भाडे निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे ठरवा आणि आठवड्यातून एकदा बेस्ट ऑफ फाइव्ह पूर्ण गांभीर्याने खेळा. दुपारी दोन ते पाच या वेळेत क्लब रिकामे असतात आणि काही मालक त्या वेळेचे दरही कमी करतात. विचारून पाहायला हरकत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी १९८५ ची निर्णायक फ्रेम पूर्ण, मग २०२३ च्या उपांत्य सामन्याचे तिसरे सत्र, मग २०२० च्या उपांत्य सामन्याच्या शेवटच्या तीन फ्रेम. २०२५ मध्ये पात्रता फेरीतून आलेल्या झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला १८-१२ असे हरवून चीनला पहिले विश्वविजेतेपद मिळवून दिले. तो सामनाही उत्तम आहे, परंतु झाओचा पॉटिंगचा वेग पाहून तुम्ही पुन्हा जुन्या सवयीकडे वळाल, अशी मला भीती वाटते, म्हणून तो शेवटी ठेवा. १९८५ च्या फ्रेमची तुमची वही पूर्ण झाली की इथेच लिहा. डेव्हिस ६२-४४ ने पुढे असताना, टेलरने ब्राउन घेण्यापूर्वीच्या दोन फटक्यांत तुम्ही काय खेळला असता, हे मला तुमच्याच शब्दांत वाचायचे आहे.